सोडाबाईंचा छत्तीस फोटोंचा रोल

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा आम्ही अकराच्या अकरा जण उठून उभे राहिलो. करडे केस मागे घट्ट बांधलेले, कडक इस्त्रीचे कपडे, पायात रबरी तळव्यांचे बूट, काखेत जाड वही. शिक्षिका नाहीत तर दुसरं कोण असणार. "बसा, बसा," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीकडे न जाता पहिल्या बाकावर बसून पेनाचं टोपण काढलं. आम्ही एकमेकांकडे बघत खाली बसलो. पाच मिनिटांनी खरे सर आले. सरांचं वय फार तर तीस, त्यातून दाढी अर्धवट. तेही बाईंना बघून दारातच थबकले.

"मॅडम, या खोलीत आता माझा तास आहे. की बदललाय?"

"तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. "मी विद्यार्थिनी आहे. यादीत शेवटचं नाव."

सरांनी यादी पाहिली, जन्मवर्ष पाहिलं आणि घसा साफ केला. त्यांची आई याच वर्षी जन्मलेली होती, हे त्यांनी आम्हाला पुढे कधीतरी सांगितलं. तोवर बाईंना हाक मारताना ते प्रत्येक वेळी जरासे अडखळायचे.

विद्यापीठाचा एक वर्षाचा फोटोग्राफीचा अभ्यासक्रम होता तो. आम्ही सगळे विशी-बाविशीचे, आणि बाई अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून नुकत्याच निवृत्त झालेल्या. चौतीस वर्षं त्यांनी एकाच रुग्णालयात एक्स-रे काढले होते. छाती, मणका, गुडघा, मनगट. लहान मुलांनी गिळलेली बटणं. एकदा तर एका गृहस्थांच्या पोटात स्वतःच्या दातांची कवळी. ओळख करून देताना त्यांनी हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की हसावं की नाही तेच कळेना.

त्या इथे आल्या त्यांच्या यजमानांमुळे. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधीच्या मजकुरातल्या चुका शोधून काढणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी हात गप्प बसेना. रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र तपासायला बसायचे. एका सकाळी त्यांनी विद्यापीठाची जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली, कारण तिच्यात 'छायाचीत्रण' असं छापलं होतं. "ची दीर्घ. विद्यापीठ म्हणवतात आणि ची दीर्घ." काका कुलगुरूंना पत्र लिहायच्या बेतात होते. बाईंनी मात्र खालच्या दोनच गोष्टी ऐकल्या. वयाची अट नाही, आणि डार्करूमची सोय आहे. रुग्णालयातली त्यांची डार्करूम बारा वर्षांपूर्वी बंद झाली होती. संगणक आला, आणि ती खोली झाडू-बादल्या ठेवायला गेली. दुपारी काका टपालपेटीकडे निघाले तेव्हा बाई त्यांच्याबरोबरच बाहेर पडल्या. काकांनी पत्र टाकलं, बाईंनी अर्ज.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. वर्गात माझं नाव कुलूप होतं. मी ओठ मिटून हसते, म्हणजे तेव्हा हसायचे. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे. शाळेत त्यावरून जे काय ऐकलं ते ऐकलं; तेव्हापासून हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. फोटोग्राफी शिकायला येण्यामागे माझा साधा हिशोब होता. कॅमेऱ्याच्या मागे असणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

सरांनी पहिल्याच आठवड्यात हा हिशोब मोडला. "फोटो काढणाऱ्याला फोटो काढून घेणं काय असतं ते कळलं पाहिजे," ते म्हणाले. "जोड्या करा. एकमेकांचे चेहरे काढा." माझी जोडी पडली बाईंशी.

त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. मग कॅमेरा टेबलावर ठेवून सरळ माझ्याकडे आल्या, दोन्ही खांदे धरून पुढे ओढले, हनुवटी दोन बोटांनी उचलली, डोकं किंचित डावीकडे वळवलं. हात गार होते आणि अगदी सराईत. मला वाटलं, आता शर्टाची वरची गुंडी काढायला सांगतात की काय.

"हलू नका," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला 'अगं' म्हणायच्या. कॅमेरा हातात आला की सगळ्यांना अहो-जाहो सुरू. "श्वास घ्या. मोठा. धरा. धरून ठेवा." खटका वाजला. "सोडा."

मी सोडला. तोपर्यंत माझे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांचे फोटो पडद्यावर दाखवले. बाईंनी मग उत्साहाने साऱ्या वर्गाचेच काढले होते. फोटो स्वच्छ होते, प्रकाश बिनचूक, पापणीचा केस न् केस मोजता यावा असा. पण एकापाठोपाठ एक अकरा चेहरे सरकू लागले तसा मागच्या बाकावरून खुसखुस आवाज सुरू झाला. सगळ्यांच्या छात्या फुगलेल्या. सगळ्यांचे डोळे एका जागी खिळलेले. कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की ही माणसं रिपोर्टची वाट बघताहेत.

सरांनी फार जपून तोंड उघडलं. "बाई, तांत्रिकदृष्ट्या मला एकही चूक सापडत नाही. फक्त..."

"फक्त काय?"

"सगळे आजारी दिसताहेत."

वर्ग फुटला. हसण्यात मीही होते, हात तोंडावर ठेवून. त्या दिवशी आमच्यातल्या लांब्याने, म्हणजे दाराच्या चौकटीला डोकं लागायचं त्या मुलाने, त्यांचं नाव सोडाबाई ठेवलं. तोंडावर आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. पण मावशींना दुसरं नावही दोन दिवसांत कळलं, कारण लांब्याने ते चुकून त्यांच्याच वहीत लिहिलं.

त्यांना लागलं असणार. वहीत त्यांनी 'सगळे आजारी दिसतात' असं लिहून खाली रेघ मारली, हे मी बघितलं. घरी जाऊन काकांना खिडकीशी बसवलं, चाळीस फोटो काढले. काका चाळीसही फोटोंत फाशीची शिक्षा ऐकल्यासारखे. "मी नेहमीसारखाच बसलो होतो," काकांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं असं की खरी भीती त्याचीच आहे.

वारं फिरलं ते डार्करूममध्ये.

सरांचा आग्रह होता की एकदा तरी जुन्या पद्धतीने, रोलवर काम करायचं. रोल कॅमेऱ्यातून काढून एका रिळावर गुंडाळायचा आणि ते रीळ टाकीत ठेवायचं. हे सगळं मिट्ट काळोखात, कारण लाल दिवासुद्धा रोलला चालत नाही. उजेडात आम्ही जुन्या रोलवर दहा वेळा सराव केला, सोपं वाटलं. मग दिवा गेला. पहिल्या मिनिटाला कुणाच्या तरी हातून टाकीचं झाकण पडलं. दुसऱ्या मिनिटाला ते शोधायला वाकलेल्या दोघांची डोकी आपटली. तिसऱ्या मिनिटाला लांब्याचा आवाज आला, अगदी बारीक.

"सर, मला दार उघडायचंय."

"उघडू नकोस. सगळ्यांचे रोल जातील."

"सर, मला खरंच बरं वाटत नाहीये."

सर काही बोलणार तेवढ्यात काळोखातून रबरी बुटांची चाहूल आली. न अडखळता, न चाचपडता, ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली.

"हात कुठे आहेत तुझे? हं. हे रीळ. इथे खाच लागतेय का बोटाला? लागली ना. आता टोक तिच्यात सरकव. घाई नाही. मी या अशा खोलीत बावीस वर्षं डबा खाल्लाय."

"डबा?" लांब्याने विचारलं.

"बाहेर पेशंट स्वस्थ बसू द्यायचे नाहीत. आत कुणाला यायची परवानगी नाही. जेवायला याहून शांत जागा कुठली? फिरव आता. मागे-पुढे, मागे-पुढे."

"आणि अंधारात कळायचं कसं काय खाताय ते?"

"नाही कळायचं. एकदा फोडणीच्या मिरचीऐवजी रबरबँड चावत बसले होते."

लांब्या हसला. ते ऐकून आम्ही सगळे हसलो, आणि काळोखात हसताना कुणाचा चेहरा दिसत नसल्याने माझा हात पहिल्यांदाच जागच्या जागी राहिला. दिवा लागला तेव्हा सगळ्यांचे रोल टाकीत होते, आणि सरांचाही. तो बाईंनीच लावून दिला होता, हे सरांनी स्वतःहून कबूल केलं.

त्या दिवसापासून डार्करूम बाईंची झाली. पाणी किती गार, द्रावण कधी शिळं झालं, कागद केव्हा उचलायचा, सगळं त्यांना विचारायचं. त्या बोट बुडवून सांगायच्या. सर मागे थर्मामीटर घेऊन उभे असायचे, आणि थर्मामीटर बहुतेक वेळा बाईंच्या बाजूने असायचा.

मग सरांनी वर्षअखेरचं काम दिलं. प्रत्येकाने वर्गातल्या उरलेल्या अकरा जणांचे चेहरे काढायचे. एक रोल सरावाला, एक खरा. छत्तीस फोटो, म्हणजे माणशी तीन आणि वर तीन. शेवटी मधल्या लांब व्हरांड्यात प्रदर्शन, घरच्यांना बोलावून.

सरावाच्या रोलवर बाईंचा जुना घोळ तसाच चालू होता. घ्या, धरा, सोडा. पण विभागाचा तो जुना कॅमेरा जरा आळशी होता. बटण कधीकधी दाबल्यावर लगेच खटका द्यायचा नाही. लांब्याचा फोटो काढताना असंच झालं. 'धरा' म्हणून बटण दाबलं, काही वाजेना, म्हणून त्यांनी 'सोडा' म्हटलं, आणि मग तो वाजला.

दोन दिवसांनी लाल उजेडात मी त्यांच्या शेजारी उभी होते. ताटलीतल्या द्रावणात पांढरा कागद पडला होता. आधी लांब्याचे केस उमटले, मग भुवया, मग चेहरा. खांदे खाली आलेले. ओठ जरासे उघडे. काहीतरी मोठं ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा चेहरा, अगदी मोकळा, थोडासा वेंधळा. म्हणजे हुबेहूब लांब्या. बाईंनी चिमट्याने कागद उचलला, पुढच्या ताटलीत टाकला आणि ओणव्या होऊन बघतच राहिल्या.

"काय झालं मावशी?"

"चौतीस वर्षं मी 'सोडा' म्हणायची आणि पाठ फिरवायची," त्या म्हणाल्या. "फिल्म काढायची, पुढचा पेशंट घ्यायचा. सोडल्यावर माणूस कसा दिसतो ते मी कधी बघितलंच नाही."

मग काय विचारता. खऱ्या रोलवर बाईंनी 'सोडा'नंतरचे फोटो काढायला सुरुवात केली. 'धरा'ला त्या बटणाला हातही लावायच्या नाहीत. 'सोडा' म्हणायच्या, "झालं हं, छान," म्हणायच्या, आणि समोरचा उठायला लागला की खटका. सगळ्यांचे सुरेख आले. फक्त माझे नाही. मी लांब्याचा फोटो बघून सावध झाले होते. पहिल्या फोटोला मी 'सोडा'नंतरही तशीच उभी राहिले. दुसऱ्याला तर श्वास नाकानेच सोडला.

तिसऱ्यासाठी त्यांनी मला जिन्याच्या मधल्या खिडकीत बसवलं. दुपार होती, उजेड बाजूने येत होता. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला, मागची बाजू चाचपली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, रोलच घातलेला नाही."

"काय?"

"सकाळपासून रिकाम्या कॅमेऱ्याने फिरतेय. तुमच्या सरांचे तीन फोटो काढले. जिन्यावर उभं राहून त्यांनी किती वेळ पोट आत धरलं होतं, तुला काय सांगू."

सर जिन्यावर पोट आत घेऊन उभे आहेत, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी फुटले. हात वर जायला उशीर झाला. खटका वाजला.

"रिकामा आहे ना," मी हसत म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या.

तीन दिवसांनी डार्करूमच्या दोरीवर मी वाळत घातलेली होते. चिमट्याला लटकलेली, तोंड उघडं, डोळे बारीक झालेले, वरचा दात दुसऱ्यावर चढून साऱ्या जगाला दिसेल असा. लांब्या तिथेच होता. "भारी आलाय," तो म्हणाला, आणि त्याने ते मनापासून म्हटलं होतं, पण मला शाळेचा वर्ग आठवला.

"तुम्ही खोटं बोललात," मी बाईंना म्हणाले.

त्या हात पुसत होत्या. मला वाटलं, हसण्यावारी नेतील, किंवा फोटो किती छान आहे ते सांगतील. चांगल्या फोटोवाल्यांना हे फार पटकन सुचतं.

"हो," त्या म्हणाल्या. "बोलले. लबाडी केली."

"मला हा लावायचा नाहीये भिंतीवर."

"मग नाही लागणार."

त्यांनी निगेटिव्हच्या पट्ट्या बाहेर काढल्या, दिव्यासमोर धरल्या, माझी चौकट शोधली आणि कात्री मागितली. सर नेमके तेव्हाच आत आले. "बाई, पट्टी मधून कापू नका, बाजूची चौकट खराब होईल," ते म्हणाले. बाजूच्या चौकटीत तेच होते, पोट आत घेतलेले. म्हणजे ती गोष्ट तेवढी खरी होती. बाईंनी "माफ करा सर" म्हटलं आणि कापली. सरांचा एक कान गेला.

मग त्यांनी वहीच्या कागदाचं पाकीट केलं, त्यात फोटो आणि ती नखाएवढी निगेटिव्ह घातली, वर माझं नाव लिहिलं, वय विचारून वय लिहिलं, आणि खाली सवयीने एक ओळ: 'चेहरा, समोरून'.

"पेशंटची फिल्म पेशंटची," पाकीट माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "दुसरी प्रत मी काढलेली नाही. काढली तर तू सांगशील तेव्हाच."

माझं चिडणं अर्धवट राहिलं. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात कुणी असं शिक्कामोर्तब केलेलं पाकीट दिलं, की ते पिशवीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.

प्रश्न असा होता की बाईंचा रोल संपला होता, माझे पहिले दोन फोटो लावण्यासारखे नव्हते आणि भिंतीवर माझी जागा रिकामी. लांब्याच्या कॅमेऱ्यात शेवटचा एक फोटो शिल्लक होता. त्याने तो देऊन टाकला. "एकच आहे मावशी," तो म्हणाला. "जपून."

आम्ही परत त्याच खिडकीत गेलो. बाई म्हणाल्या, "रोल घातलेला आहे. आता तू सांग, कधी काढू."

मी केस सारखे केले, ओठ मिटले, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हटलं, "काढा." त्यांनी काढला. घ्या नाही, धरा नाही, सोडा नाही.

फोटो आला तो पाण्यासारखा सपक. सरांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला. "बाई, दहा फोटोंपुढे हा अगदीच... याच्यात काही नाहीये."

"याच्यात तिची मर्जी आहे," बाई म्हणाल्या. "लावा."

प्रदर्शनाच्या दिवशी व्हरांडा गजबजून गेला होता. चहा, बिस्किटं, कुणाची आजी, कुणाचा धाकटा भाऊ. प्रत्येकाच्या अकरा फोटोंची एकेक ओळ भिंतीवर होती, आणि आम्ही प्रत्येकाने बाईंचाही फोटो काढला असल्याने त्याही भिंतीभर होत्या. गंमत अशी की ते फोटो एकापुढे एक पाहत गेल्यावरच कुणाच्या तरी लक्षात आलं. अकराही फोटोंत बाईंनी श्वास धरलेला होता. खांदे पुढे, हनुवटी वर, नजर सरळ. माझ्या फोटोत तर गालही फुगलेले. मी त्यांना तेव्हा 'सोडा' म्हटलं होतं, खोटं वाटेल पण म्हटलं होतं. त्या "आधी वाजू दे" म्हणाल्या होत्या.

काका जाड चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले आणि परत आले.

"अकरा वेळा एकच चूक," ते म्हणाले.

"कुठे?" बाईंनी दचकून विचारलं.

"अशी तू घरी एकदाही दिसत नाहीस." एवढं बोलून काका चहाकडे गेले. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचा फोटो घ्यायला हवा होता, पण आमच्यापैकी एकाच्याही हातात त्या वेळी कॅमेरा नव्हता. बारा फोटोग्राफर, आणि सगळ्यांच्या हातात बिस्किटं.

माझी आई उशिरा आली. तिला कामावरून निघायला वेळ झाला होता. बाईंच्या ओळीसमोर ती थांबली, लांब्याला पाहून हसली, पुढे आली आणि माझ्या मिटलेल्या चेहऱ्यापाशी उभी राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "अगदी तुझ्यासारखा. ही लहानपणापासून अशीच गंभीर," हे शेजारी उभ्या असलेल्या बाईंना.

बाईंनी मान डोलावली. चौतीस वर्षं नातेवाईक त्यांना दारात गाठून विचारत आले होते, काय दिसतंय आत, आणि त्यांनी कुणाला कधी काही सांगितलं नव्हतं. आताही त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर बघत चहा पीत राहिल्या.

त्या काही बोलल्या असत्या तर मी ते पाकीट कधीच काढलं नसतं, याची मला खात्री आहे. का काढलं ते मात्र आजही नीट सांगता येत नाही. ते महिनाभर माझ्या पिशवीत फिरत होतं, कोपरे मऊ पडले होते. "हा पण आहे एक," मी आईला म्हटलं.

आईने पाकिटावरची ओळ वाचली. "चेहरा, समोरून. हे काय, तपासणी केली का तुझी?" मग फोटो बाहेर काढला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर सरकवून पाहिला.

"हा दात माझा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माझाच. हाच, याच जागी." आणि दाखवण्यासाठी तिने तोंड उघडलं, तिला स्वतःचंच हसू आलं, आणि तिचा हात चटकन तोंडावर गेला.

मी त्या हाताकडे बघत राहिले. वीस वर्षं एका घरात राहून मला तो कधी दिसला नव्हता. आईला मी हसताना पाहिलं होतं, पण तो दात पाहिल्याचं आठवत नव्हतं. ती तो मला दाखवत नव्हती आणि मी माझा तिला. बाईंना आता मात्र हसू आवरेना. चहाचा कप सांडू नये म्हणून त्यांनी तो खिडकीत ठेवला.

"तुमचा एक फोटो काढू का?" त्यांनी आईला विचारलं.

"माझा? नको हो. मी कुठे..."

"आज नाही. कॅमेरा नाहीये. पुढच्या आठवड्यात या. पण आधीच सांगून ठेवते, रोल घालून काढेन. तुमच्या मुलीकडून मला एवढं शिकायला मिळालंय."

आई खरंच आली. त्यांनी काय केलं, घ्या-धरा-सोडा म्हटलं की नाही, मला माहीत नाही. आईने मला खोलीबाहेर उभं केलं होतं. तो फोटो तिच्या कपाटात आहे, माझ्या पाकिटाच्या शेजारी. दोन्ही ती कुणाला दाखवत नाही, पण कपाट आवरायला काढलं की ते हमखास वर येतात.

बाई अभ्यासक्रम पास झाल्या, जेमतेम. प्रात्यक्षिकात सगळ्यांत पुढे, लेखी परीक्षेत सगळ्यांत मागे. फोटोग्राफीच्या इतिहासाच्या पेपरात त्यांनी तीन पानं पहिल्या एक्स-रेवर लिहिली होती, ज्यावर प्रश्नच नव्हता. काकांनी निकालपत्र तपासलं आणि त्यात एकही चूक नाही म्हणून हळहळले. पुढच्या वर्षी सरांनी विभागाकडे खटपट करून डार्करूमचे तास बाईंकडे दिले. आता आठवड्यातून दोन दिवस त्या नव्या मुलांना काळोखात रीळ भरायला शिकवतात.

मी एका मासिकासाठी फोटो काढते. माणसांचेच. समोरच्याला आधी विचारते, रोल असो नसो. कधी त्या बाजूला काम निघालं तर विभागात डोकावते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा डार्करूमच्या दारावर लाल दिवा होता आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ कुणाची तरी किंकाळी आणि मग हसणं. मी दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून बाईंचा आवाज.

"मी, कुलूप."

"बाहेर बस. अजून सात मिनिटं. तिकडे डब्यात सँडविच आहे, अर्धंच खा, अर्धं काकांचं आहे."

मी बाकावर बसले आणि डबा उघडला.